लेकीला ‘इन्फॉर्मेशन सिस्टिम्स’ शिकायचंय, रत्नागिरीत राहून की मुंबई गाठावी?

कातळसडा – १४ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे. सीझन चालू असल्याने दिवसा मोबाईल हातात घ्यायला होत नाही, म्हणून रात्री लिहितोय.

मुलगी बारावी सायन्स झाली. मार्क चांगले आहेत. इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल यायचाय, बीसीएचीही सीईटी तिने देऊन ठेवलीय. तिला कॉम्प्युटरमध्येच जायचंय, पण नुसतं कोडिंग नको म्हणते. कुठेतरी ‘इन्फॉर्मेशन सिस्टिम्स’ या विषयाबद्दल तिने वाचलं आणि तेव्हापासून तेच धरून बसलीय. आमच्या भागात या नावाची डिग्री मला कुठे दिसली नाही. बी.एस्सी. आयटी आहे, कॉम्प्युटर सायन्स आहे, बीसीए आहे. मुंबईला असलेला माझा मेव्हणा म्हणतो, इंजिनिअरिंग मिळालं तर ते, नाहीतर बाकी सगळं वाया.

हा विषय नेमका काय आहे? आपल्याकडच्या कुठल्या कोर्सात तो शिकवतात? आणि शिकून इकडे काही काम मिळतं का? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

लोणेरेकर – १४ मे, रात्री ११.०२

मेव्हण्यांचं म्हणणं मला पटतं. मी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलं. आमच्यासारख्या गावाकडच्या मुलांना त्या डिग्रीने दरवाजे उघडून दिले. कितीतरी जाहिरातींत पहिली अटच बी.ई. किंवा बी.टेक. असते. पुढे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा देता येते, सरकारी भरतीतही उपयोग होतो. मुलीला सीईटीत बरे पर्सेंटाईल मिळाले आणि रत्नागिरीत किंवा लोणेऱ्याला आयटी अथवा कॉम्प्युटरला नंबर लागला तर सोडू नका. चार वर्षं लागतात, खर्चही जास्त येतो, पण तो पुढे भरून निघतो. तिला जो विषय आवडलाय तो इंजिनिअरिंगमध्ये थोडाफार येतोच.

खाडीपल्याड – १५ मे, सकाळी ६.५०

दादा, मी रत्नागिरीतच बी.एस्सी. आयटी केलं, २०१६ ला बाहेर पडले. आता एका कंपनीसाठी घरून बिझनेस ॲनालिस्टचं काम करते. म्हणजे तुमच्या मुलीने जे वाचलंय, तेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉम्प्युटर सायन्सवाला विचारतो, हे गणित यंत्राकडून लवकर आणि बिनचूक कसं करून घ्यायचं. इन्फॉर्मेशन सिस्टिम्सवाल्याला आधी हे शोधावं लागतं की काम कोण करतं, त्यातून कुठली माहिती तयार होते, ती कुणाला कधी लागते आणि चुकली तर कुणाच्या खिशाला चाट बसते. यंत्र त्यानंतर येतं. म्हणून या विषयात डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंगच्या जोडीला हिशेब, व्यवस्थापन, संख्याशास्त्र, प्रकल्प कसा चालवायचा हेही असतं. संगणकशास्त्र आणि माहितीप्रणाली या क्षेत्रांतल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटना, एसीएम आणि एआयएस, मिळून या पदवीचा आदर्श आराखडा काढतात. त्याची २०२० ची आवृत्ती मी पाहिलीय. डेटा, सिस्टिम ॲनालिसिस, ॲप्लिकेशन तयार करणं, सुरक्षितता, प्रकल्प व्यवस्थापन हे सगळं त्यात आहे, आणि नीतिमत्ताही आहे. लोकांची माहिती हाताळायची तर ती हवीच. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाल्यापासून माझ्या कामात तर रोज त्यावर बोलणं होतं.

तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. आंब्याच्या हिशेबाची वही असेल ना? तारीख, बाग, पेट्या, दलालाचं नाव, त्याचा फोन, पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब किती आला. आता समजा दलालाचा फोन बदलला. वहीत त्याचं नाव सीझनभरात दीडशे वेळा आलंय. काही ठिकाणी नवा नंबर लिहिलात, काही ठिकाणी जुना राहिला. पुढच्या वर्षी मुलगी वही उघडेल तेव्हा खरा नंबर कुठला मानणार? ही अडचण सोडवण्याचा रस्ता एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना दाखवला. माहिती कोष्टकांत मांडा आणि एक गोष्ट एकाच जागी लिहा. दलालाचं कोष्टक वेगळं, खेपेचं वेगळं. दोघांना जोडायला दलालाचा फक्त क्रमांक. याच कामाला नॉर्मलायझेशन म्हणतात. दुसऱ्या वर्षाला हा शब्द ऐकून पोरं घाबरतात, पण आंब्याची वही सांभाळलेल्या मुलीला तो अर्ध्या तासात कळेल.

त्याच वहीत आणखी एक घोळ असतो. ‘पेटी’ म्हणजे किती? चार डझनी, पाच डझनी की सहा डझनी? तुम्हाला बघून कळतं, वाशीच्या बाजारातल्या माणसाला कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. एका रकान्यात ‘पेट्या ४०’ एवढंच लिहिलं तर बेरीज बरोबर येईल आणि हिशेब चुकेल. पेटी म्हणजे काय, हे चार माणसांना विचारून ठरवावं लागतं. हे विचारणं आमच्या शिक्षणाचा गाभा आहे. ते आलं नाही तर काय होतं ते मी सोसलंय, तेही सांगते.

२०१८ ची गोष्ट. एका मच्छीमार संस्थेसाठी बंदरावरच्या लिलावाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे करायला आलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्या दोन महिन्यांत आम्ही ते उभं केलं. मी कोळ्याच्या घरातली, त्यामुळे मला सगळं माहीत आहे असं मी धरून चालले होते. ऑगस्टमध्ये पहिली मोठी आवक आली त्या पहाटे मी धक्क्यावर उभी होते. कारकुनाला एका लिलावासाठी अकरा रकाने भरायचे होते. बोली अर्ध्या मिनिटात संपत होती. तिसऱ्या लिलावाला तो मागे पडला. सातव्याला त्याने टॅब पुसून पिशवीत टाकला आणि खिशातून वही काढली. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. होडीचं टोपणनाव, ‘सुर ४’, भाव, घेणारीच्या नावाचं पहिलं अक्षर. चारच गोष्टी. सुर म्हणजे सुरमई, चार म्हणजे टोपल्या. बाकीचं सगळं दुपारी जेवून झाल्यावर सावकाश लिहायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही जूनमध्ये संस्थेच्या कार्यालयात बसून पदाधिकाऱ्यांना सगळं विचारलं होतं. धक्क्यावर कुणालाच विचारलं नव्हतं, कारण तेव्हा धक्का रिकामा होता. पुढे सगळं पुन्हा केलं. धक्क्यावर चार रकाने, नेट नसतानाही चालणारे, आणि उरलेले सात दुपारसाठी. तेव्हा ते वापरात आलं. मधले तीन महिने मात्र गेले, पैसे गेले, आणि त्या कारकुनाने विनाकारण बोलणी खाल्ली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लोणेरेकर म्हणतात तसं इंजिनिअरिंगने दरवाजे उघडतात, हे खरंच आहे. पण मुलीला यंत्रापेक्षा कामाची मांडणी आवडत असेल तर तिला बी.एस्सी. आयटी किंवा बीसीए कमी पडणार नाही. पुढे एमसीए दोनच वर्षांचं आहे, २०२० पासून. एमबीएही आहेच.

सुरंगी – १५ मे, दुपारी १.२०

काका, मी रत्नागिरीत बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळ गाव लांज्याजवळ. ताईने लिहिलेलं हॉस्टेलवर सगळ्यांनी मिळून वाचलं.

मला ठाऊक आहे तेवढं सांगते. बी.एस्सी. आयटीला बारावीला गणित लागतं, ते तिचं असेलच. बीसीए २०२४ पासून एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेलं आणि सीईटी सुरू झाली. त्या वर्षी काही कॉलेजांनी कोर्सची नावंच बदलली, त्यामुळे नावावर जाऊ नका, पहिल्या वर्षापासूनचा अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात डेटाबेस, सिस्टिम ॲनालिसिस, सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे विषय आहेत का ते बघा. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. माझा फील्ड प्रोजेक्ट आमच्या खानावळीवर होता! कोण किती दिवस गावी गेलं आणि त्याचे पैसे वळते कसे करायचे, यावरून दर महिन्याला मावशींशी वाद व्हायचा. सुट्टीची नोंद जेवणारा करतो, पैसे मावशी धरतात, आणि दोघांच्या नोंदी एकमेकांना कधी भेटतच नाहीत, हे कागदावर काढल्यावर दिसलं. ईआर डायग्राम, म्हणजे कुठली नोंद कशाशी जोडलेली आहे याचं चित्र, काढताना मावशी बाजूला बसून सांगत होत्या.

एक अडचणही सांगते. प्रॅक्टिकलला काही मशिन जुनी आहेत आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा तास बुडतात. घरी साधासाच का होईना, लॅपटॉप लागतो.

धामापूर – १५ मे, रात्री ९.३०

महसूल खात्यात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त. ह्यो धागो वाचून ऱ्हवला नाय.

खाडीपल्याडताईंनी जे कोष्टकांचं सांगितलं ते आमच्या दप्तरात फार जुनं आहे. गाव नमुने एकवीस. सात नंबरचा जमिनीचा आणि तिच्या धारकांचा, बारा नंबरचा पिकांचा, म्हणून सातबारा. आठ-अ खात्याचा, म्हणजे एका माणसाच्या नावावर गावात कुठे कुठे काय आहे ते. आणि सहा नंबर ही फेरफाराची नोंदवही. सातबाऱ्यावरचं नाव थेट खोडून कुणी बदलू शकत नाही. आधी सहामध्ये नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि त्यानंतरच सातवर नवं नाव. सातवर फेरफाराचा नंबरही राहतो, म्हणजे कधी कशामुळे बदललं ते मागे जाऊन बघता येतं. एका तरुण प्रोग्रॅमरला मी हे समजावलं तर तो म्हणाला, काका, आम्ही याला ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतो.

आपल्या कोकणात खरी परीक्षा नावांची. एका हिश्श्यावर वीस-वीस, तीस-तीस सामायिक नावं. निम्मे मुंबईला, काही वारलेले, वारस नोंद झालेली नाही. एकच माणूस एका सातबाऱ्यावर घरच्या नावाने, दुसऱ्यावर शाळेतल्या नावाने. संगणकीकरणाच्या वेळी प्रत्येक गावात हा प्रश्न आला. ही दोन नावं म्हणजे दोन माणसं की एकच, ते यंत्र सांगू शकत नाही. पोलीस पाटलाला, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, शेतकरी स्वतःच मोबाईलवरून बारा नंबरची माहिती भरतो. चांगली गोष्ट आहे. पण ज्या कातळावर रेंज नाही तिथल्या आजीने काय करायचं, हे ठरवायला कुणीतरी तिच्या अंगणात जाऊन बसायला हवं. अशी शिकलेली पोरं आपल्याला हवीत.

तुमच्या चेडवाक ह्याच शिकायचा आसात तर शिकू दी. माका वाटता तां आपल्या मुलखाचा काम आसा.

दूरदेशी – १६ मे, पहाटे ५.४५

सिंगापूरहून लिहितोय, मूळ गुहागरचा. इथे मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीत पदवीला ‘इन्फॉर्मेशन सिस्टिम्स’ हेच नाव आहे, नॅशनल युनिव्हर्सिटीतही बरीच वर्षं तेच होतं. मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीने तर २००३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र स्कूल काढलं होतं. माझ्या टीममध्ये दोन्हीकडची मुलं आहेत. डेटाबेसची मांडणी ती जशी शिकून येतात तशीच बी.एस्सी. आयटीवाला शिकतो, पीटर चेन यांचा १९७६ चा ईआर आराखडा तोच. फरक पडतो तो प्रत्यक्ष कंपनीत जाऊन केलेल्या कामाचा आणि अहवाल लिहून चारचौघांत मांडण्याच्या सवयीचा. पदवीसाठी एवढ्या लांब पाठवायचा खर्च करू नका. फार तर पुढे मास्टर्सला बघा.

मुलीला मराठीतही नीट लिहायला लावा. गावातल्या माणसाचं म्हणणं त्याच्या शब्दांत उतरवून घेता येणं हे या कामातलं मोठं कसब आहे.

कातळसडा – १६ मे, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. धामापूरकाका, आमच्या सामायिक जमिनीचं तुम्ही जणू डोळ्यांनी बघून लिहिलंत.

दोन शंका राहिल्यात. फीचं कसं? आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आंब्यावर, आणि गेली दोन वर्षं मोहोर धड टिकला नाही. दुसरं म्हणजे इकडे राहून नोकरी मिळते का, हे सरळ सांगा. आईला वाटतं पोरगी गेली की गेली.

खाडीपल्याड – १७ मे, सकाळी ७.१०

फीचं आधी. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर ते मिळणार नाही. इंजिनिअरिंग त्यात येतं. बीसीए कॅपमधून घेणार असाल तर त्या कॉलेजचा तो कोर्स यादीत आहे का ते आधी लेखी विचारा. बी.एस्सी. आयटीचा प्रवेश वेगळ्या वाटेने होतो, तिथे कुठली शिष्यवृत्ती लागू होते हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन बघा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये तहसीलला रांग असते.

नोकरीबद्दल सरळच सांगते. पहिली नोकरी बहुतेक पुण्याला किंवा मुंबईला करावी लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवख्यांना घेऊन शिकवणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. मीही तीन वर्षं ठाण्यात होते. त्यानंतर घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी परत आले. माझ्या वर्गातल्या सगळ्यांना तशी संधी मिळाली नाही, हेही तुम्हाला माहीत असू दे.

पण इथे काम नाही असंही नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता खरा हापूस कुठल्या बागेतला हे दाखवायला नोंदणीकृत बागायतदार पेटीवर क्यूआर कोड लावतात. निर्यात करायची तर बागेची नोंद मँगोनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीत लागते. फवारणी कधी, कसली केली ते लिहून ठेवावं लागतं. माझ्या ओळखीच्या दोन मुली चार-पाच बागायतदारांचं हे सगळं सांभाळतात. पोटापुरतं अजून मिळत नाही, पण दरवर्षी माणसं वाढताहेत. आईंना सांगा, पोरगी जाईल, पण परत यायची वाट बुजलेली नाही.

लोणेरेकर – १७ मे, दुपारी २.००

खाडीपल्याड, धक्क्यावरचा प्रसंग वाचून मी थोडा थांबलो. आमच्या चार वर्षांत कुणी आम्हाला असं बाहेर उभं केलं नव्हतं. इंजिनिअरिंगबद्दलचं माझं मत कायम आहे, कारण पर्याय जास्त राहतात. पण मुलीला हेच आवडत असेल आणि सीईटीत नंबर लांबचा लागत असेल, तर घराजवळचं बी.एस्सी. आयटी घ्यायला माझी हरकत नाही. जिथे जाईल तिथे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेससाठीचं एसक्यूएल पक्कं करून घे म्हणावं.

कातळसडा – १९ मे, रात्री ११.२०

बाबांच्या आयडीवरून मी त्यांची मुलगी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खूप खूप आभार. आज शेवटची तोड झाली. आता पाऊस कधीही येईल.

मी दोन दिवस बसून बाबांची या वर्षीची वही कॉम्प्युटरवर घेतली. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दलाल, खेप आणि पेटीचा प्रकार अशी तीन कोष्टकं केली. चार डझनीला वेगळा क्रमांक, पाचला वेगळा. पण पट्टीजवळ अडले. कधी एका खेपेची एक पट्टी येते. कधी दोन खेपांची मिळून एकच. आणि २ मेच्या खेपेच्या दोन पट्ट्या आल्यात, कारण अर्धे आंबे दुसऱ्या दिवशी विकले गेले. मी खेपेच्या कोष्टकात ‘पट्टी क्रमांक’ असा रकाना ठेवला होता, त्यात हे बसतच नाही. मग दोन रकाने केले, पट्टी १ आणि पट्टी २. ते बघून बाबा म्हणाले, तीन आल्या तर काय करशील?

खाडीपल्याड – २० मे, सकाळी ६.३०

बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. दोन्ही रकाने काढून टाक. पट्टीचं वेगळं कोष्टक कर: तारीख, दलाल, भाडं, हमाली, बाकीची कपात, हातात आलेली रक्कम. मग खेप आणि पट्टी यांच्या मध्ये चौथं कोष्टक घाल. त्याच्या एका ओळीत खेपेचा क्रमांक, पट्टीचा क्रमांक, पेटीचा प्रकार, त्या पट्टीत त्या प्रकारच्या किती पेट्या धरल्या तो आकडा आणि पेटीमागे भाव. २ मेच्या खेपेला तिथे दोन पट्ट्यांच्या ओळी होतील. दोन खेपांची एकच पट्टी असेल तर दोन्ही खेपांच्या ओळींत पट्टीचा क्रमांक तोच येईल. तीन आल्या तरी काही बिघडत नाही.

मग प्रत्येक खेपेच्या पेट्यांची तिथली बेरीज कर आणि पाठवलेल्या पेट्यांशी प्रकाराप्रमाणे ताडून बघ. जिथे जुळत नाही तिथे एकतर पट्टी यायची राहिलीय किंवा पेट्या कमी धरल्यात. अशा खेपा किती निघतात ते इथे लिही.

कातळसडा – २० मे, रात्री ९.०५

तीन निघाल्या. बाबा आता वाशीला फोन लावतायत.